नागपुरात राहून करिअर बदलायचं तर

नोकरीचा वीट आला की बहुतेक जण सगळ्यात आधी कोर्स शोधतात. बर्डीवरच्या एखाद्या क्लासची पाटी दिसते, फोनवरचा माणूस आपुलकीने बोलतो आणि फी भरली जाते. सहा महिन्यांनी कळतं की त्या कामाला नागपुरात जागा मोजक्याच आहेत, किंवा जागा आहेत पण दिवसभर ते काम करत बसणं आपल्याला झेपत नाही. कोर्सचा निर्णय बराच नंतरचा. त्याआधी नेमकं काय नकोसं झालंय, हातातलं काय सोबत नेता येईल आणि घर किती महिने तग धरेल, हे ठरायला हवं.

नेमकं काय नकोसं झालंय?

दोन आठवडे रोज रात्री वहीत चार ओळी लिहा. आज काय काम केलं, कोणता तास पटकन गेला, कोणता तास जाता जाईना, आणि त्या तासात समोर काय होतं: काम, माणूस, की घड्याळ. मोबाइलवर न लिहिता कागदावर लिहिलेलं बरं, कारण दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवून बघायची आहेत.

वहीत साहेबाचं नाव वारंवार येत असेल, पगार रखडल्याचं येत असेल किंवा बुटीबोरीच्या बसमध्ये जाणारे तास येत असतील, तर कंपनी बदला, करिअर नको. कंपनी बदलायला दोन-तीन महिने लागतात. करिअर बदलायला वर्ष लागतं आणि सुरुवातीला पगार खाली येण्याची तयारी ठेवावी लागते. पण ज्या तासाला त्रास देणारं कोणीच नव्हतं, सगळं सुरळीत होतं, तरी तो तास नकोसा होता, अशा नोंदी जास्त असतील तर कामच बदलायला हवं. हा फरक न तपासता नोकरी सोडणारे पुष्कळ असतात आणि वर्षभरात नव्या ठिकाणी तीच तक्रार घेऊन बसतात.

काम आणि क्षेत्र एकदम बदलू नका

प्रत्येक नोकरीचे दोन भाग असतात. एक म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष करता ते काम: हिशेब, विक्री, दुरुस्ती, शिकवणं, माणसं सांभाळणं. दुसरा म्हणजे ते ज्या क्षेत्रात चालतं ते: कापड, कोळसा, दवाखाने, आयटी, गोदामं. एका वेळी यातला एकच भाग बदलला तर जुना अनुभव मोजला जातो. दोन्ही एकदम बदलले तर तिशी-पस्तिशीतही नवख्याच्या पगारावर सुरुवात करावी लागते. दोन्ही बदलायचेच असतील तर दोन टप्प्यांत बदला, मधे वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या.

नागपुरात अशा वाटा बऱ्याच आहेत. हिंगण्याच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणाऱ्याला वर्धा रोड किंवा बुटीबोरीकडच्या गोदामांत जाता येतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवत. ती गरज संपल्यावर देशाच्या मध्यावरच्या शहरांत मोठी गोदामं परवडू लागली, त्यात नागपूरचा नंबर वर लागला. पुढे समृद्धी महामार्ग झाला. गोदामांत मागतात ते ज्ञान डिस्पॅचवाल्याकडे आधीपासून असतं: गाडी कशी भरायची, माल कमी निघाला तर कागद कुठे अडतो, ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, कधी लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाख रुपयांवर गेली की, राज्याबाहेर ५० हजारांवर गेली की, आणि मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. नागपूर ते पुणे सुमारे ७०० किलोमीटर धरले तर ४ दिवस. हे तोंडपाठ असलेल्या माणसाला गोदामाचं सॉफ्टवेअर शिकवायला वेळ लागत नाही.

विमा कंपनीच्या किंवा एजंटच्या ऑफिसात क्लेमचं काम केलेल्यांनी धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांचे कॅशलेस डेस्क बघावेत. पूर्वपरवानगीचा अर्ज, कंपनीची क्वेरी, डिस्चार्जची मंजुरी हे सगळं ओळखीचं असतं. फक्त टेबलाच्या पलीकडून करायचं. विमा नियामकाने २०२४ मध्ये कॅशलेसच्या विनंतीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास अशी मर्यादा घातल्यापासून या डेस्कवर नीट कागद लावणाऱ्या माणसाची किंमत वाढली आहे. मात्र पेशंटचे नातेवाईक तिथे समोर उभे असतात. फोनवर क्लेम नाकारणं आणि रडवेल्या माणसाला तोंडावर सांगणं यात फार अंतर आहे.

कारखान्यात मेंटेनन्स किंवा उत्पादनावर सुपरवायझर असलेल्यांसाठी औद्योगिक सुरक्षेची पदविका ही चांगली वाट आहे. मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांना सेफ्टी ऑफिसर नेमणं कायद्यानेच बंधनकारक असतं. तिथे शॉपफ्लोअरवरची वर्षं वाया न जाता पात्रतेतच धरली जातात. इलेक्ट्रिशियनसाठी छतावरच्या सोलरचं काम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे वस्त्यावस्त्यांत कामं निघाली.

कामाचा दिवस जवळून बघा

पदाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका. त्या पदावरचा माणूस सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत काय करतो ते विचारा, आणि महिन्यातला सगळ्यात वाईट आठवडा कोणता तेही.

जीएसटीचं अकाउंट्स हे उदाहरण घ्या, कारण नागपुरात या कामाकडे वळणारे खूप. इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांना हा माणूस लागतोच, त्यामुळे काम मिळतं. पण महिना कसा जातो? ७ तारखेला टीडीएस भरायचा. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याभराची विक्रीची बिलं. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा, आणि कर. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात ९ तारखेपर्यंत अर्ध्या दुकानदारांनी बिलंच पाठवलेली नसतात. जी येतात ती व्हॉट्सॲपवर, तिरप्या फोटोंत, एखाद्या बिलावर जीएसटी नंबरचा शेवटचा अक्षर-अंक तुटलेला. तो नंबर चुकला तर समोरच्या खरेदीदाराला भरलेल्या कराचं क्रेडिट दिसत नाही, मग तो दुकानदाराला फोन करतो आणि दुकानदार तुम्हाला. म्हणजे या कामाचा मोठा भाग आकडेमोडीचा नसून लोकांच्या मागे लागण्याचा आहे. न चिडता पाच वेळा फोन करता येत असेल तर हे काम जमेल. नुसतं गणित चांगलं असून भागत नाही.

असं चित्र मिळवायला तीन माणसं गाठा. वर्षभरापूर्वी त्या कामात आलेला एक, पाच-सात वर्षं टिकलेला एक, आणि ते सोडून गेलेला एक. तिसऱ्याला लोक विसरतात, आणि सगळ्यात जास्त तोच सांगतो. ओळख नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनचे किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या उद्योजक संघटनांचे कार्यक्रम असतात, तिथे जाऊन बोला. मेसेज लहान ठेवा: "नमस्कार सर, मी सहा वर्षं डिस्पॅचमध्ये आहे, वेअरहाउसकडे यायचा विचार आहे. नोकरी मागत नाही, फक्त काम कसं चालतं ते पंधरा मिनिटं विचारायचं आहे. रविवारी सकाळी चालेल का?" शब्द मागे फिरवू नका, पंधरा मिनिटं म्हटलं तर पंधराच. अकाउंट्सवाल्याला १० ते २० तारखेच्या मधे फोन करू नका.

विचारायचे प्रश्न असे: काल दिवसभरात काय काय केलं? पहिल्या वर्षी हातात किती येत होते, तिसऱ्या वर्षी किती? नवीन माणूस कशामुळे काढला जातो? सुट्टी शेवटची कधी रद्द झाली? पगार थेट विचारायला संकोच वाटत असेल तर "नवीन माणसाला साधारण किती देतात" असं विचारा, लोक सांगतात.

त्यानंतर स्वतः करून बघा. चार रविवार एखाद्या ओळखीच्या सोलरवाल्याबरोबर छतावर जा, आणि जमलं तर मे महिन्यात जा. पारा ४५ अंशांवर असताना पत्र्यावर उभं राहून स्ट्रक्चरचे बोल्ट आवळणं डिसेंबरात कळत नाही. प्रवासही तपासा. मेट्रोची ऑरेंज मार्गिका खापरीपर्यंत जाते आणि ॲक्वा मार्गिका हिंगणा रोडवर लोकमान्य नगरपर्यंत, पण मिहानमधल्या कंपनीचं गेट असो की एमआयडीसीतला कारखाना, स्टेशनपासूनचा शेवटचा पल्ला कसा गाठणार आणि रात्रपाळी सुटल्यावर काय, हे आधीच बघून ठेवा.

पैशाचा हिशेब, तारखांसकट

"सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" एवढं सांगून भागत नाही. पैसे कधी येणार आणि कधी नाही, हे कॅलेंडरवर मांडा. समजा शेवटचा दिवस १० मार्च. फेब्रुवारीचा पगार २८ तारखेला आला. मार्चच्या दहा दिवसांचे पैसे अंतिम हिशेबात जातात, आणि तो हिशेब अनेक कंपन्या तीस-पंचेचाळीस दिवस लांबवतात. नवीन ठिकाणी २४ मार्चला रुजू झालात, पण तिथे पगाराची यादी २० तारखेलाच बंद होते. मग मार्चचे आठ दिवस आणि एप्रिल मिळून पहिला पगार ३० एप्रिलला. नोकरीत खंड फक्त तेरा दिवसांचा, पण खात्यात दोन महिने पगार आला नाही. याच काळात मुलांच्या शाळेची फी येते. कर्जाचे दोन हप्ते परत गेले तर सिबिल स्कोअर बिघडतो, आणि बँकेत किंवा वित्तसंस्थेत जायचं असेल तर तो नोकरीच्या वेळीही बघतात.

नोकरी हातात नसताना शोधायची असेल तर घरखर्च, हप्ते, विमा आणि आईवडिलांची औषधं धरून किमान आठ महिन्यांची तरतूद असू द्या. गृहकर्ज घ्यायचं ठरलेलं असेल तर ते आधी करा. नवीन क्षेत्रात नवीन पगारावर बँक सहसा काही महिने थांबायला सांगते.

पुण्याची ऑफर आली तर आकडा बघून हुरळून जाऊ नका. समजा नागपुरात घर स्वतःचं, हातात ३२,०००, पेट्रोल ३,००० वजा जाता २९,००० उरतात. पुण्यात ४५,००० मिळाले आणि भाडं-मेंटेनन्स १६,०००, जेवण ५,०००, प्रवास ३,०००, घरी ये-जा २,५०० धरली तर १८,५०० राहतात. डिपॉझिट वेगळंच. नागपुरात न मिळणारा अनुभव तिथे मिळत असेल तर दोन वर्षं जरूर जावं. पैशासाठी जायचं असेल तर ही वजाबाकी आधी करा.

आता शिक्षणाकडे

वर सांगितलेल्या माणसांशी बोलून झालं की कोणता कोर्स लागतो ते आपोआप कळतं, आणि अनेकदा लागतच नाही. लागला तर आधी सरकारी पर्याय बघा. आयटीआयला वयाची कमाल अट नाही. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ या दोघांची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात. वकिलीकडे वळणारेही बरेच, शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे. पण तीन वर्षांची एलएलबी नियमित हजेरीनेच करावी लागते. दूरशिक्षणाने केलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. नोकरी सांभाळून हजेरी कशी भरणार, हे कॉलेजच्या फीपेक्षा आधी विचारा.

"१०० टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्या क्लासच्या कागदांत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: फी हप्त्यांत आहे की तुमच्या नावावर कर्ज आहे. बऱ्याचदा वित्तसंस्थेचं वैयक्तिक कर्ज निघतं, क्लासला सगळे पैसे एकरकमी मिळतात, आणि नोकरी लागो न लागो, हप्ता तुमच्या खात्यातून जातो. क्लास अर्धवट सोडला तरी कर्ज सुटत नाही. मागच्या बॅचमधल्या पाच जणांचे नंबर मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

मिहान, एम्स, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) किंवा रेल्वेत "लावून देतो" म्हणून पैसे मागणारा माणूस फसवतोय, मग तो कितीही जवळच्या ओळखीतून आलेला असो. सरकारी भरती जाहिरातीनेच होते. खासगी कंपनीही नोकरीसाठी डिपॉझिट किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी घेत नाही.

स्पर्धा परीक्षेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी

अभ्यासिकांत चार-पाच वर्षं घालवलेल्या मुलामुलींचा करिअरबदल सगळ्यात अवघड असतो, कारण त्यांना वाटतं आपल्याकडे दाखवायला काहीच नाही. एमपीएससीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणून थांबायची तारीख बाहेरून येत नाही. ती स्वतः ठरवावी लागते आणि घरी सांगावी लागते. परीक्षेचं वर्ष आणि कितव्या टप्प्यापर्यंत पोचलात ते बायोडेटात सरळ लिहा. मुख्य परीक्षा दिलेली असेल तर ते लपवण्यासारखं नाही. कायदा वाचून समजणं, मराठी-इंग्रजीत मसुदा लिहिणं, योजनांची माहिती असणं हे सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या) प्रकल्पांत, संस्थांच्या अहवालांत, कंपन्यांच्या कम्प्लायन्स म्हणजे नियमपालनाच्या विभागात, क्लासमध्ये शिकवण्यात लागतं. पहिली नोकरी कमी पगाराची असेल. ती घ्या, कारण दुसरी मिळवताना कोरी वर्षं विचारत नाहीत, ताजा अनुभव विचारतात.

बायोडेटा आणि मुलाखत

जुन्या कामाचं वर्णन नव्या कामाच्या भाषेत लिहा. "डिस्पॅचचे काम पाहिले" यातून काही कळत नाही. "रोज पंधरा-वीस गाड्यांचं लोडिंग, ई-वे बिल आणि साठ्याचा ताळमेळ, हाताखाली सहा कामगार" यातून कळतं. आकडे तुमचे खरे असू द्या, मुलाखतीत तेच खोदून विचारतात. दोन पानांच्या वर जाऊ नका. बायोडेटा इंग्रजीत लागतो, पण एचआरचा पहिला फोन नागपुरात बहुधा हिंदीत येतो. दोन मिनिटांची ओळख तिन्ही भाषांत तयार ठेवा.

"क्षेत्र का बदलताय?" हा प्रश्न येणारच. जुन्या कंपनीची तक्रार सांगू नका. नागपूरचं औद्योगिक जग लहान आहे. समोरचा माणूस तुमच्या जुन्या साहेबाला ओळखत असण्याची शक्यता भरपूर. नव्या कामाबद्दल तुम्ही काय बघितलंत, कोणाशी बोललात, काय करून पाहिलंत ते सांगा. छतावरचे चार रविवार इथे कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. हे जग लहान आहे म्हणूनच ऑफर लेटर हातात येईपर्यंत सध्याच्या ऑफिसात चकार शब्द काढू नका.

सोडताना

राजीनामा ईमेलवर द्या आणि तो मिळाल्याचं उत्तर जपून ठेवा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि फॉर्म १६ यांच्याशिवाय नवीन कंपनीची पडताळणी अडते. भांडून, नोटीस अर्धवट टाकून निघालेल्यांना हेच कागद मिळत नाहीत.

कायम नोकरीत पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील तर थांबा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ वेतन २०,००० आणि सहा वर्षं झाली असतील तर सुमारे ६९,२३० रुपये. वरच्या कॅलेंडरमधले दोन कोरडे महिने एवढ्यात निघू शकतात.

ऑफिसचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधीच घ्या, कारण पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजार धरले जात नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबलेला काळ धरला जातो, पण अर्ज जुनी पॉलिसी चालू असतानाच करा.

जुन्या नोकरीत या आर्थिक वर्षात मिळालेलं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर दोन्हीकडे वजावट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम भरावा लागतो.

पीएफ काढू नका, बदलून घ्या. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि सोबत पेन्शनचे पैसेही काढले तर पेन्शनला लागणारी दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायम क्रमांकच, नव्या कंपनीला द्या. बदलीचा अर्ज अडतो तो बहुधा दोन कारणांनी: आधार आणि पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ती तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतःला भरता येते. बदली झाल्याचा मेसेज आला तरी पासबुक उघडून बघा, आणि रकमेसोबत जुन्या सेवेची वर्षंही नव्या खात्यात आली आहेत याची खात्री करा.